भिंतीवर बाबासाहेब, पडद्यावर मनू

संध्याकाळचे सात वाजले की आपल्या वस्तीत घराघरांत टीव्ही लागतो. वर भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली पडद्यावर एखादी सून वाड्यातल्या तुळशीला प्रदक्षिणा घालतेय. ती छळ सोसते, उपवास करते, वडाला दोरा गुंडाळते आणि शेवटी देव तिचे भले करतो. ज्या आईने धम्मचक्र प्रवर्तन दिनी २२ प्रतिज्ञा म्हटल्या, तीच आई या सुनेसाठी डोळे पुसते. आम्ही आईला दोष देत नाही. पण रोज अर्धा तास, वर्षानुवर्षे घरात हेच शिकवले जात असेल, तर वर्षातून एकदा होणारे आपले भाषण किती पुरणार?

"मनोरंजनच तर आहे, एवढे काय मनावर घ्यायचे?" असे आमचेच मित्र म्हणतात. मित्रांनो, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती का? कोणी हुकूम करायचा, कोणी राबायचे आणि बाईने किती सोसायचे, हे ठरवणारी नजर त्या पोथीत होती म्हणून. आज ती नजर पोथीतून येत नाही. ती मालिकेतून येते आणि तिच्यासाठी रिचार्ज आपणच मारतो!

मालिकेतल्या बंगल्याच्या दारावरची पाटी वाचून बघा. तिथे कांबळे, साळवे, वाघमारे किती वेळा दिसतात? त्या घरात जात कधी बोलली जात नाही, कारण ती आडनावात, देवघरात आणि स्वयंपाकघरात आधीच बसलेली असते. पडद्यावर जात नाही म्हणजे जात संपली, असा समज त्यातून तयार होतो. मग आपलीच शिकलेली पोरे विचारतात, "आता कुठे राहिलीय जात?"

सिनेमाचे काय वेगळे आहे? १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिभेदाचे निर्मूलन' हे भाषण स्वखर्चाने छापले. त्याच वर्षी 'अछूत कन्या' आला. त्यातली अस्पृश्य मुलगी शेवटी जीव देते. १९५९च्या 'सुजाता'त अस्पृश्य मुलगी रक्त देते, तेव्हा कुठे ब्राह्मण घर तिला लेक मानते. म्हणजे माणूस ठरायला आम्ही रक्त द्यायचे किंवा मरायचे! २०१९च्या 'आर्टिकल १५'ला नाव संविधानाच्या कलमाचे, पण न्याय मिळवून देणारा नायक पुन्हा ब्राह्मण अधिकारीच. बाबासाहेबांनी आपल्याला संघर्ष शिकवला, पडदा आपल्याला वाट बघायला शिकवतो.

२०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने जातीचा सुरा थेट दाखवला. दोनच वर्षांत हिंदीत 'धडक' आला आणि जात नावापुरती उरली. गोष्ट श्रीमंत मुलगी आणि गरीब मुलगा एवढीच झाली. पण फक्त हिंदीवाल्यांना कशाला बोलायचे? आपण काय केले? जयंतीच्या डीजेवर 'झिंगाट' लावून नाचलो. शेवटच्या दृश्यातली ती रक्ताळलेली बाळपावले किती जणांच्या लक्षात राहिली?

यावर बहिष्कार हा उपाय नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत आपले दुःख छापून येत नव्हते. तोच मार्ग आजही आहे. हातात मोबाइल आहे, त्यावर आपल्या गोष्टी आपण सांगू. रविवारी विहारात वंदना झाली की महिन्यातून एकदा सिनेमा दाखवू आणि त्यावर चर्चा करू. घरी आईशेजारी बसून मालिका बघताना तिला तीनच प्रश्न विचारू: हे घर कोणाचे? यात राबतो कोण? निर्णय कोण घेतो? आई आपल्यापेक्षा लवकर उत्तर देईल, कारण तिने हे आयुष्यभर भोगले आहे.

'फँड्री'त जब्याच्या घरचे मेलेले डुक्कर उचलून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीमाईंची चित्रे आहेत. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ प्रेक्षकाच्या दिशेने. तो दगड फक्त गावाला लागला असे समजू नका. भिंतीवर फोटो लावून खाली निवांत टीव्ही बघत बसलेल्या आपल्यालाही तो लागला पाहिजे.

जय भीम!