लेकीने केलेला हिशेब

आमच्या वस्तीतली एक मुलगी ध्वनी व कंपन अभियांत्रिकीत एम.टेक. करते. सुट्टीत ती घरी आली तेव्हा आम्ही विचारले, "पोरी, जमते का गं?"

"काका, पहिले सहा महिने गणिताने रडवले. मग प्रयोगशाळेत चालत्या मोटारीवर कंपनमापक बसवला. पडद्यावर एक सुळका उभा राहिला. मोटार न उघडताच कळले, बेअरिंग झिजले आहे. तेव्हापासून भीती गेली."

तिचे वडील यंत्रमागावर राबले. आता त्यांना ऐकू येत नाही. म्हणूनच तिने हा विषय घेतला. तिने आम्हाला हिशेब समजावला. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला फार तर ८ तास सोसावा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे!

"मग जयंतीला डीजेच्या भिंतीपुढे तान्ही लेकरे घेऊन आपण किती वेळ उभे असतो, काका?"

आम्ही निरुत्तर झालो. बंधू-भगिनींनो, शिकलेली लेक सांगते ते ऐकू या. येत्या १४ एप्रिलला डीजे नको. ते पैसे वस्तीच्या अभ्यासिकेला देऊ या.

जयभीम!