निरोध मागताना जीभ का अडखळते?

मोर्चात दांडक्यापुढं छाती काढणारा आपला पोरगा मेडिकलच्या काउंटरवर कंडोम मागायला जातो आणि डोकेदुखीची गोळी घेऊन परततो. नाक्यावर हे मी कायम बघतो.

तज्ज्ञ म्हणतात, तरुणांचा इरादा कमी पडतो. साला, इरादा काय हवेत उगवतो? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात, पाकीट ठेवायचं कुठं, ते आधी सांगा.

सरकारनं १९६८ साली निरोध आणला, १५ पैशांना तीन. पण तो कुटुंब नियोजनाचा, म्हणजे लग्न झालेल्यांचा. बिनलग्नाच्या पोरापोरीला त्यात जागा नव्हती. पुढं आणीबाणी. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या, आणि उचलला गेला तो गरीब. ज्या वस्तीनं सरकार असं पाहिलंय, ती सरकारी फुकट पाकिटाकडं संशयानं बघते, तर त्यात अडाणीपणा कसला? मग एड्स आला. कंडोम म्हणजे बदफैली, असं डोक्यात बसलं. आता पोरीच्या पर्समध्ये तो सापडला की ती चालू, आणि पोरानं काढला की, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ २००७ साली महाराष्ट्रानं शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद केलं. २०१७ साली केंद्रानं कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० टीव्हीवरून हाकलल्या. संस्कृती वाचली! पोरं मोबाईलवरच्या घाणीतून शिकतायत.

हे झालं त्यांचं. आपलं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी ऑपरेशन करून घेतलेलं. नवऱ्याची नसबंदी ०.३ टक्के, कंडोम ९.५. शंभरातले ३५ पुरुष म्हणतात, संततिनियमन ही बाईची बाब. त्यात आपले नाहीत? मनुस्मृतीवर तास-तास बोलणारा गडी, बाई ‘वापर’ म्हणाली की स्वतःच मनू होतो. वर टपरीवर शेखी, त्यानं मजा जाते म्हणे. कुणाची?

र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वरचा अश्लीलतेचा खटला १९३४ साली बाबासाहेब लढले. १९३८ साली त्यांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो ११ विरुद्ध ५२ मतांनी पाडला गेला. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या किती मंडळांत आज कंडोमचा डबा आहे? अभ्यासिकेत टांगा, व्यायामशाळेत टांगा. कुठं टांगायचा ते पोरींना विचारा. रिकामा झाला की भरायचं काम मात्र पोरांचं.