पाव औंसाची निष्ठा

ऑकलंडपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या एका मराठी स्नेह्याने मला मध्यंतरी घरी केलेली 'माय ताय' पाजली. बदाम भिजवून, सोलून, वाटून आणि फडक्यातून पिळून त्याने त्यांचे दूध काढले होते. साखर विरघळवून त्यावर नारिंगाच्या फुलांच्या अर्काचे थेंब टाकले होते. (ठंडाई आठवलीच.) जुनी रम साठ मिलिलिटर, एका लिंबाचा ताजा रस, क्युरासो पंधरा मिलिलिटर, बदामाचे सरबत आणि साधा पाक प्रत्येकी पाव औंस. अननसाचा रस नाही का, असे विचारल्यावर तो जवळजवळ रागावलाच. व्हिक्टर बर्जेरॉनच्या १९४४ च्या कृतीत अननस नाही, तो मागाहून हवाईत शिरला, सबब प्रक्षिप्त. 'प्रक्षिप्त' हा शब्द त्याचाच.

हे सारे ज्या पेल्यातून आले तो मातीचा, तपकिरी, दात विचकणाऱ्या मुखवट्याचा होता. हा कोण, असे मी विचारले. "टिकी. असंच काहीतरी, बेटांवरचं."

माझे भांडण या 'असंच काहीतरी'शी आहे.

पाठचिकित्सेबद्दल माझी तक्रार नाही. दारूबंदी उठल्यानंतर लगेचच अर्नेस्ट गँट (पुढचा डॉन बीच) याने हॉलिवूडमध्ये बार काढला. आपल्या कृती कोणी पळवू नयेत म्हणून तो बाटल्यांवर नावांऐवजी सांकेतिक खुणा घाली. त्याच्या 'झॉम्बी'त 'डॉन्स मिक्स' नावाचा एक घटक होता. तो म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक. एवढे उलगडायला जेफ बेरी या अभ्यासकाला वर्षे खर्ची घालावी लागली. त्याला किल्ली मिळाली ती एका जुन्या वेटरच्या वहीत, आणि शोध छापला गेला २००७ मध्ये. ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या आपण या चिकाटीला हसू नये. घरी कॉकटेल करणाऱ्याने बाजारातल्या गोडमिट्ट तयार मिश्रणाऐवजी ताजे लिंबू पिळावे, बर्फ फडक्यात बांधून वरवंट्याने फोडावा, यात शहाणपणच आहे.

पण ही निष्ठा पेयाच्या काठापाशी येऊन थांबते कशी? आतली रम कॅरिबियन; ऊस, मळे आणि गुलामगिरी यांच्या इतिहासातून आलेली. कल्पना कॅलिफोर्नियाची. पॉलिनेशियाचे त्यात काय? बाहेरचा चेहरा. मार्केसास बेटांवर टिकी म्हणजे पूर्वजांची, देवत्व पावलेल्यांची मूर्ती. माओरी परंपरेत ते पहिल्या पुरुषाचे नाव. हवाईत १८१९ मध्ये राजाज्ञेनेच जुन्या देवांच्या मूर्ती जाळल्या गेल्या. त्यांतल्या कू या देवाचा चेहरा आज पेल्यांवर मिळतो. आपल्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाचा कोणी असा पेला केला आणि 'असंच काहीतरी, दख्खनचं' म्हणून त्यात बिअर ओतली, तर हाच स्नेही गप्प बसेल काय?

यावर ठरलेले उत्तर येते: टिकी ही उघडउघड कल्पित कथा आहे, कोणाची फसवणूक नाही, कल्पिताला वस्तुस्थितीचे निकष कसले लावता? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद मोहवणारा आहे, म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा. कल्पिताची सवलत मागायची तर ती अननसालाही द्या. पाव औंसापुरते इतिहासकार आणि देवांपुरते कादंबरीकार, ही सोयीची वाटणी झाली. शिवाय हे कल्पित निरुपद्रवी बेटांचे आहे. त्यात फ्रान्सने १९६६ ते १९९६ या काळात मोरुरोआ आणि फांगाताउफा इथे केलेले अणुस्फोट नाहीत. ज्या पॉलिनेशियात काहीच घडत नाही, तोच पेल्यावर शोभतो.

आणि ही पेये प्रत्यक्ष ढवळली कोणी? डॉन बीचच्या बारमागे फिलिपिनो तरुण होते. त्यांपैकी रे ब्युहेनने १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःचा 'टिकी-टी' हा लहानसा बार काढला, म्हणून त्याचे नाव तरी उरले. बाकीच्यांची नावे किती गृहबारांच्या भिंतींवर आहेत? तिथे डॉनचे छायाचित्र असते, व्हिकचे असते. कर्त्याचा शोध घेणारी ही मंडळी लेखनिकांपाशी आल्यावर अचानक घाईत असतात.

पेय उत्तम होते, हे नाकारण्याचा अप्रामाणिकपणा करणार नाही. परत आल्यावर मी ते घरी करून पाहिले. आपले कागदी लिंबू अधिक आंबट, म्हणून रस थोडा कमी घ्यावा लागला; बदामाचे दूध दुसऱ्या खेपेला जमले. स्टीलच्या पेल्यात बर्फ जास्त वेळ टिकतो की काचेच्या, यावर घरात वाद झाला. स्नेह्याला हे सगळे कळवले, आणि कपाटातल्या त्या चेहऱ्याचे नाव पुन्हा विचारले. लिंबाच्या मापाबद्दल त्याचे सविस्तर उत्तर त्याच दिवशी आले.