धनत्रयोदशीचे प्लॅटिनम

गेल्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. एका व्याख्यानासाठी मी जळगावहून धुळ्याला निघालो होतो. विषय ‘शब्दांचे सामर्थ्य’ असा काहीसा होता. पण एरंडोल मागे पडले आणि आमच्या मोटारीचेच सामर्थ्य संपले. ॲक्सिलरेटर दाबावा तितकी ती कण्हे; पुढे जाण्याची इच्छा मात्र दिसेना. पारोळ्याच्या पुढे तर कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर आम्हांला ओलांडून गेला, आणि ट्रॅक्टरवाल्याने वळून माझ्याकडे जी दृष्टी टाकली ती मी विसरणार नाही.

व्याख्यानाला पाऊण तास उशीर झाला. तोवर मी जे बोलणार होतो ते सारे अध्यक्षांनी बोलून टाकले होते. ते असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्यातल्याच एका गॅरेजात मोटार दाखवली. तिशीच्या आतला मिस्त्री. त्याने मागच्या नळकांड्यापुढे हात धरला, गाडीखाली जाऊन एका डब्यावर मूठ आपटली, आत काहीतरी खुळखुळले, आणि त्याने निकाल दिला :

“सर, गाडीनं नाक चोंदाई गयं.”

बी. ए.च्या वर्गाला दरवर्षी रूपक अलंकार शिकवणारा मी. मला एवढ्या नेमक्या रूपकात कोणी यंत्र समजावले नव्हते.

चोंदलेले नाक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. एंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये हा लोखंडी डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची बारीक जाळी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा लेप. सगळे मिळून काही ग्रॅमच. पण तापलेल्या जाळीतून धूर गेला की कार्बन मोनॉक्साइडचे विष उतरते, न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, नायट्रोजनची ऑक्साइडे फुटून साधा नायट्रोजन बाहेर पडतो. धातू मात्र खर्ची पडत नाहीत. आमचे रसायनाचे सहकारी त्याला उत्प्रेरक म्हणतात. गॅरेजात नाव नुसते ‘कॅट’. मराठीचा प्राध्यापक असूनही मला दुसरे नाव सोयीचे वाटते.

अमेरिकेत हा डबा १९७५ पासून आला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. त्याच्यासाठी शिसे नसलेले पेट्रोलही आणावे लागले, कारण शिसे लेपावर बसले की लेप मेलाच. शिसेवाले पेट्रोल देशभरातून जायला २००० साल उजाडले.

हे ज्ञान मला नंतर झाले. त्या सकाळी माझे लक्ष फक्त आकड्यांकडे होते.

“कंपनीचा घेतला तर ४८,००० रुपये, मजुरी वेगळी. बाहेरचा १४,००० मध्ये मिळतो, पण त्यात माल कमी असतो, किती टिकेल सांगत नाही. आणि तिसरं म्हणजे,” त्याने आवाज उतरवला, “आतली जाळी काढून डबा मोकळा करून देतो. १,५०० रुपये. जाळी मला द्या, मी तुम्हांला ४,००० देतो.”

“आणि तो पिवळा दिवा?”

“त्याचा पण बंदोबस्त करतो.”

“पीयूसी?”

तो हसला. त्या हसण्याचा अर्थ मी विचारला नाही.

वाचकहो, खोटे कशाला बोलू? एका बाजूला ४८,००० जाणार, दुसऱ्या बाजूला २,५०० येणार. घरी सौभाग्यवतींच्या कानातल्या कुड्यांसाठी दोन वर्षे साठवलेली पुंजी होती. विचार करून सांगतो म्हणालो, आणि चाळिसाच्या वेगाने जळगावला परतलो. खानदेशचे निसर्गसौंदर्य असे निवांत मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

संध्याकाळी सराफ बाजारात एका जुन्या विद्यार्थ्याच्या पेढीवर बसलो. ४,००० रुपये देऊन कोणी फुटकी माती का घेईल, हे कोडे त्याच्यापुढे टाकले. तो म्हणाला, “सर, ऱ्होडियम आम्हांला ठाऊक आहे. पांढऱ्या सोन्याला झळाळी आणायला त्याचाच मुलामा देतात. २०२१ साली एका औंसाला २८,००० डॉलरच्या वर गेलं होतं, सोन्याच्या पंधरा पट! पुढे भाव उतरला. पण परदेशात चोर रात्री गाडीखाली शिरून हे डबे कापून नेत होते, ते काय लोखंडासाठी? आमच्या दुकानापुढची धूळ झारेकरी कशासाठी नेतो? तुमचा मिस्त्री झारेकरीच. फक्त तो धूळ नाही, तिजोरी मागतो.”

तरीही माझा निश्चय होईना. धूर काय, हवेत जातो, हवा सर्वांची. हा युक्तिवाद मनाशी घोळवत घरी आलो आणि मोटार नेहमीच्या जागी, आईच्या खिडकीखाली लावली.

आईला दमा आहे. गेले महिनाभर ती म्हणत होती, “तुझ्या गाडीला कसला रे वास येतो?” नासक्या अंड्यासारखा वास हे दुखऱ्या कन्व्हर्टरचे एक लक्षण, पण आमच्या घरात अंडे कधी आले नसल्याने तिला उपमा सापडत नव्हती. त्या रात्री खिडकी लावून घेत ती म्हणाली, “दिवाळीआधीच कोणी फटाके उडवल्यासारखा वास येतो बघ.” मी रोज सकाळी तिथेच एंजिन चालू करून, मोटार तापेपर्यंत वर्तमानपत्र वाचत असे.

सकाळी अजिंठा चौफुलीकडच्या एका गॅरेजात गेलो. तिथले चाचा सत्तरीचे. त्यांना सगळे सांगितले. किंमत सांगायच्या आधी त्यांनी विचारले, “सर, हा मेला कशानं?”

“म्हणजे?”

“हा आपणहून मरत नाही. ह्याला कोणीतरी मारतं. गाडी धक्के देत होती का?”

देत होती. श्रावणापासून देत होती. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल गेल्याचे आणि १,८०० रुपये लागतील असे मला तेव्हाच कोणी सांगितलेही होते. गाडी चालते आहे ना, म्हणून मी ते पैसे वाचवले. चाचांनी हिशेब मांडला : ठिणगी न पडलेल्या सिलिंडरातले कच्चे पेट्रोल तीन महिने त्या तापलेल्या जाळीवर जाऊन तिथेच पेटत होते. जाळी वितळली, तिचे तुकडे झाले, वाट बुजली. कॉइल तशीच ठेवून ४८,००० चा नवा बसवला असता तर तोही गेला असता. धुळ्याच्या मिस्त्रीने कॉइलचे नावही काढले नव्हते. मीही माझ्या धक्क्यांची हकीकत त्याला सांगितली नव्हती.

“आणि डबा मोकळा केला तर?” मी शेवटचे विचारून घेतले.

“दहा हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्स जाईल. ते सोडा. गाडी कुठं उभी करता?”

मी उत्तर दिले नाही.

आधी कॉइल आणि प्लग बदलले, मग कंपनीचा कन्व्हर्टर बसवला. जुना डबा मी मागून घ्यायला विसरलो होतो. चाचांनीच आठवण दिली आणि भंगाराचे ३,५०० रुपये बिलातून वजा केले. असा खर्च सांगताना वजाबाकी आधी सांगावी, ही युक्ती मी घरी वापरून पाहिली. उपयोग झाला नाही.

धनत्रयोदशीला संध्याकाळी पूजेच्या ताटात चांदीचे नाणे होते, आईच्या बांगड्या होत्या, आणि कुड्यांच्या जागी गॅरेजच्या बिलाची घडी होती. सौभाग्यवतींनी तिच्यावर हळदकुंकू वाहिले आणि निरांजन माझ्या हाती दिले.