सरळ दिसणारी मान

मानेच्या ७ मणक्यांची पुढे झुकलेली कमान एक्स-रेत सरळ दिसणे हा स्वतंत्र आजार नव्हे. ‘सरळ मान म्हणजे मणक्यांची झीज’ हे समीकरण म्हणूनच टिकत नाही. बाळ मान धरू लागते तेव्हा ही कमान ठळक होते. कमरेची, ते उभे राहून चालू लागल्यावर. पुढे स्नायू आखडले, किंवा एक्स-रे काढताना हनुवटी जराशी खाली गेली, तरी मानेची कमान चित्रातून नाहीशी होते. काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या मानाही अशाच सरळ आढळतात. तेव्हा उपचार चित्रावर नव्हे, दुखण्यावर करायचे: शेक, गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या आणि मुख्य म्हणजे मान-खांद्यांचे नियमित व्यायाम. मानेचा पट्टा महिनोन्महिने बांधला तर स्नायू दुबळेच होतात. कमरेची कमान खरोखर सपाट होते ती गोष्ट वेगळी. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्यांच्या दाहाच्या आजारात किंवा मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तसे घडू शकते. रुग्ण पुढे वाकून, गुडघे दुमडून चालतो आणि काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते. हातातली ताकद कमी होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही दिसल्यास मात्र डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.