बाटली किती वाजता भरली?

जामखेड तालुक्यातले कोयते दिवाळीच्या आसपास निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. (एक जोडपे म्हणजे एक कोयता, ऊसतोडीचा हिशेब असाच चालतो.) परतलेली बाई 'उन्हाळी लागलीय' म्हणत समोर बसते, तेव्हा डॉक्टरांच्या मनात निदान जवळजवळ ठरलेले असते. फडात आडोसा नाही, म्हणून पाणी कमी प्यायचे, लघवी दाबून ठेवायची. त्यातून जंतुसंसर्ग, नाहीतर मुतखडा. बहुतेक वेळा ते बरोबरही निघते.

घोटाळा होतो तो तिच्या पिशवीतून तीन गावांच्या तीन चिठ्ठ्या निघतात तेव्हा. प्रत्येकीवर सिप्रो नाहीतर ओफ्लॉक्स, प्रत्येकीनंतर थोडा आराम आणि पुन्हा जळजळ. लघवीत पू-पेशी भरपूर, साध्या कल्चरमध्ये मात्र जंतू नाहीत. मूत्रमार्गाचा क्षय असाच लपतो. ही फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधे क्षयाच्या जंतूंना काही काळ दाबून धरतात, म्हणजे क्षयाला लपायला जागा डॉक्टरच करून देतात. तोवर मूत्राशय आक्रसत जातो.

हे जंतू लघवीत सतत पडत नाहीत. म्हणून सलग ३ दिवस पहाटेची पहिली लघवी घ्यायची, तीच सीबीनॅट या क्षयाच्या चाचणीला आणि क्षयाच्या कल्चरला. अकरा वाजता ओपीडीत भरलेल्या एका बाटलीच्या 'निगेटिव्ह'वर विसंबणे धोक्याचे.

कृमींमुळे होणाऱ्या बिल्हार्झियाचे घड्याळ उलटे. हा आफ्रिकेतला आजार, आपल्याकडे कुठला, अशी समजूत असताना १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचे केंद्र शोधून काढले. पुढे गोड्या पाण्यातली फेरिसिया टेनुइस ही चिमुकली गोगलगाय त्याची मधली यजमान असल्याचे मांडले गेले. या कृमीची अंडी लघवीतून सर्वाधिक पडतात सकाळी १० ते दुपारी २ या वेळात. इथे पहाटेची बाटली फसवते. आज ही आठवण ठेवायची ती आफ्रिकेत नोकरी करून परतलेल्या, लघवीच्या शेवटी रक्त जाणाऱ्या तरुणासाठी.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या रुग्णाची दुधाळ लघवी तर जेवणाच्या वेळा पाळते. हत्तीरोगाने लसिकावाहिन्या तुंबल्या की त्यातला स्निग्ध द्रव मूत्रात उतरतो. तेलातुपाचे जेवण झाले की लघवी पांढरी. परीक्षानळीत ईथर घालून हलवले की ती निवळते. पू असेल तर गढूळपणा तसाच राहतो.

रुग्ण कुठे राहून आला, हे विचारायला यूरॉलॉजिस्टच हवा असे नाही. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. कोण कुठल्या कारखान्याला गेले होते, कुणाच्या सासऱ्याला टीबीच्या गोळ्या चालू होत्या, हे अशा बाईला न विचारता ठाऊक असते. मोठ्या दवाखान्यांच्या केसपेपरवर त्यासाठी बहुधा रकानाही नसतो.

आणि क्षयाचे निदान झालेच, तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवावी: रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. आधीच घाबरलेली बाई ते रक्त समजते आणि चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात ठेवून देते.