समुद्राचा सरवा कोणाचा?

पीक कापताना शेताच्या कडेकोपऱ्यातले धान्य तसेच राहू द्यावे, खाली पडलेली कणसे मालकाने पुन्हा वेचू नयेत. तो सरवा गरिबांचा आणि परक्यांचा, अशी आज्ञा जुन्या करारात लेवीयाच्या पुस्तकात आहे. ज्याच्यापाशी आहे त्याने मागे ठेवावे आणि ज्याच्यापाशी नाही त्याने वेचून न्यावे, इतका हा साधा धर्म आहे. आमच्या सुधारलेल्या युगाने समुद्रावर मात्र ही आज्ञा उलटी करून दाखविली आहे. तेथे सरवा वेचायला श्रीमंत येतो, आपली महाकाय जहाजे घेऊन येतो, आणि शेताच्या गरीब मालकाला सांगतो, ‘तुझ्याच्याने जे कापवत नाही, ते माझे.’ या व्यवहाराला आंतरराष्ट्रीय मासेमारी करार असे भारदस्त नाव आहे. हे करार मुळापासून बदलले पाहिजेत, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९८२ साली समुद्रविषयक कायद्याचा जागतिक करार झाला आणि १६ नोव्हेंबर १९९४ पासून तो अमलात आला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या समुद्रसंपत्तीवर त्या त्या किनारी देशाचा हक्क त्याने मान्य केला. गरीब राष्ट्रांचा तो मोठा विजय होता. मात्र त्याच करारातले ६२ वे कलम असे सांगते, की समुद्रातून किती मासळी काढता येईल आणि त्यातली किती आपल्या शक्तीने काढता येईल, हे त्या देशाने ठरवावे. जी उरेल ती करार करून इतर देशांना काढू द्यावी. हेतू वाईट नव्हता. जगात भूक असताना अन्न वाया जाऊ नये, हे कोणीही मान्य करील. परंतु ‘उरलेली’ मासळी मोजायची कोणी आणि कोणत्या मापाने? ज्या देशाकडे पुरेशा संशोधननौका नाहीत, गस्तीला बोटी अपुऱ्या आहेत आणि तिजोरीवर कर्जाचा डोंगर आहे, तो देश ही मोजणी कशी करणार? मग विकणाऱ्याचा माल घेणाऱ्याच्याच तराजूत पडतो. आणि माशाला काही शेताचा बांध कळत नाही, ही अडचण निराळीच.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलचे उदाहरण घेऊ. तेथे सुमारे सहा लाख लोकांचे पोट प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मासळीवर चालते. पिरोग नावाच्या लांबट, रंगविलेल्या लाकडी होड्यांतून तेथील कोळी समुद्रात जातात. मासळी आणि भात यांचे ‘चेबु जेन’ हे त्या देशाचे राष्ट्रीय पक्वान्न. २०२१ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. अशा देशाने युरोपीय समुदायाशी पहिला मासेमारी करार केला तो १९७९ साली. २००६ मध्ये ही मालिका खंडित झाली, २०१४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. २०१९ ते २०२४ या काळाच्या करारात युरोपीय संघाने वर्षाला १७ लाख युरो देऊ केले. त्यापैकी आठ लाख समुद्रात प्रवेश मिळावा म्हणून आणि नऊ लाख तेथील मत्स्यव्यवसायाच्या विकासासाठी. बदल्यात वर्षाला १०,००० टन टूना, म्हणजे आपला कुपा, आणि १,७५० टन हेक मासळी, असे प्रमाण ठरले. भागाकार करून पाहावा. किलोमागे पंधरा युरोसेंटही पडत नाहीत. जहाजमालक परवान्याचे शुल्क वेगळे भरतात हे खरे. पण ते धरले तरी हा भाव आपल्या बाजारातल्या बोंबलाच्या भावाजवळ उभा राहू शकत नाही.

यावर कराराचे समर्थक म्हणतात, ‘टूना खोल समुद्रातला मासा, होडीवाल्याचा घास त्याने हिरावला जात नाही.’ सेनेगलपुरते हे काहीसे खरे आहे. तेथील गरिबाच्या ताटातला मासा निराळा. तारलीच्या जातकुळीतला तो सार्डिनेला, वोलोफ भाषेत ‘याबोय’. सेनेगलने तो युरोपला दिलेला नाही. पण हा मासा मोरोक्को, मॉरिटानिया, सेनेगल, गांबिया अशा देशांच्या समुद्रांतून ऋतुमानाप्रमाणे फिरत असतो. एका देशाने दार लावून घेतले तरी शेजारच्या दारात जाळे टाकलेलेच असते. मॉरिटानियाशी युरोपीय संघाने २०२१ साली पाच वर्षांचा करार केला, तो वर्षाला ५ कोटी ७५ लाख युरोंचा. रशियाची, तुर्कस्तानची, चीनची जहाजेही या टापूत आली. किनाऱ्यावर फिशमीलचे, म्हणजे मासळीच्या पुडीचे, कारखाने उभे राहिले. एक किलो पूड करायला चार ते पाच किलो ताजी मासळी लागते, आणि ती पूड जाते परदेशांतल्या मत्स्यशेतीला आणि पशुखाद्याला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या शास्त्रज्ञांनी या सार्डिनेलाची मासेमारी कमी करण्याचा इशारा वारंवार दिला आहे. म्हणजे ज्या पाण्यात वस्तुतः काहीच उरत नाही, तेथे तुकड्यातुकड्यांच्या करारांनी प्रत्येक जण ‘उरलेले’ विकत घेत आहे!

याचा पहिला फटका बसतो तो स्त्रियांना. मासळी खारविणे, भाजणे, सुकविणे आणि देशाच्या आतल्या भागात पोहोचविणे, हे सेनेगलमध्ये बायकांचे काम. कारखान्याच्या ट्रकने बंदरावर आधीच भाव बोलून माल उचलला, की त्यांच्या टोपल्या रिकाम्या राहतात. ज्या घरात वाळवणाच्या ओट्यावर मुलांची शाळेची फी सुकते, त्या घरातल्यांना हे समजावून सांगावे लागू नये. करारनाम्यात टनांचे रकाने असतात, युरोंचे असतात. या टोपल्यांचा रकाना नसतो.

दुसरा युक्तिवाद अधिक कायदेशीर थाटाचा आहे. ‘तेथील सरकारांनी स्वखुशीने सह्या केल्या, मग अन्याय कसला?’ या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिले आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या मजुरीबाबत स्पष्ट केले, की गरजेने गांजलेल्या माणसाने होकार दिला म्हणून तुटपुंजी मजुरी न्याय्य ठरत नाही. १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी तेच तत्त्व राष्ट्राराष्ट्रांमधील व्यापाराला लावले. दोन पक्षांच्या बळात फार तफावत असेल, तर केवळ संमतीने कराराला न्यायाचे अधिष्ठान मिळत नाही. शिवाय संमती कोणाची, हाही प्रश्न आहेच. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्याच सर्वोच्च न्यायालयाने मोरोक्कोशी झालेल्या २०१९ च्या मासेमारी कराराबाबत निकाल दिला, की पश्चिम सहाराच्या जनतेची संमती न घेता तो त्यांच्या समुद्राला लावता येणार नाही. राजधानीतली सही म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांची संमती नव्हे, हे आता युरोपच्या न्यायाधीशांनीही वेगळ्या संदर्भात का होईना, मानले आहे.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिकपणेच सामोरे गेले पाहिजे. ‘स्थानिक कोळीही बेसुमार मासेमारी करतात, होड्या वाढल्या, बारीक आसाची जाळी आली.’ होय, हे घडले आहे. मे २०२४ मध्ये बेकायदा मासेमारीवरील देखरेख ढिली असल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने सेनेगलला ताकीद दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करार संपला तेव्हा तो पुढे वाढविला गेला नाही. स्थानिकांना शिस्त हवीच. पण ज्याच्या डोळ्यांदेखत परक्या ट्रॉलरच्या पोटात टनावारी मासा जातो, त्या होडीवाल्याला ‘तू लहान मासा सोडून दे’ हे कोणत्या तोंडाने सांगावे? शिस्तीची सुरुवात मोठ्या जाळ्यापासून व्हावी, मग लहान जाळ्याला उपदेश करण्याचा अधिकार मिळतो.

सुधारणा अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी मॉरिटानियाकडे पाहावे. २०१२ च्या करारात त्या गरीब देशाने ऑक्टोपस युरोपीय जहाजांना नाकारला आणि स्वतःच्या कोळ्यांसाठी राखून ठेवला. लहान मासळी पकडणाऱ्या महाकाय जहाजांना किनाऱ्यापासून २० सागरी मैलांपलीकडे लोटले. पकडलेल्या अशा मासळीचा दोन टक्के भाग देशातल्या गरजूंसाठी द्यायला लावला. युरोपातल्या जहाजमालकांनी आरडाओरड केली, पण आकाश कोसळले नाही. दोन टक्के म्हणजे काही मोठे औदार्य नव्हे. तरीही टेबलाच्या पलीकडे बसलेल्याने ‘नाही’ म्हटले, तर अटी बदलतात, हे त्यातून सिद्ध झाले.

मग कोणत्या अटी हव्यात? ‘उरलेली’ मासळी ठरविताना आधी स्थानिक होडीचा आणि स्थानिक चुलीचा वाटा बाजूला काढावा, आणि मोजणी एका देशापुरती न करता मासा जितक्या देशांतून फिरतो त्या सर्वांनी मिळून करावी. प्रत्येक करार उघड असावा. युरोपचे करार निदान छापले तरी जातात; इतर अनेकांचे करार आणि स्थानिक झेंड्याआड लपलेल्या परक्या भागीदाऱ्या अंधारातच असतात. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी निरपवाद राखावा. आणि वाटाघाटींच्या टेबलावर कोळ्यांना, विशेषतः कोळणींना, खुर्ची मिळावी. अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या मासेमारीत काम करणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक लहान मासेमारीत आहेत आणि त्यांत दहापैकी चार स्त्रिया आहेत. बहुसंख्यांना उंबरठ्यावर उभे करून आत केलेला करार ‘भागीदारी’ कसा?

शेवटची अट पैशाची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१८ मध्ये सरकारांनी मत्स्यव्यवसायाला सुमारे ३,५४० कोटी डॉलर अनुदान दिले. त्यातले २,२२० कोटी मासेमारीची ताकद वाढविणारे होते. अशा पैशांवर पोसलेली जहाजे दूरदूरच्या समुद्रांत जातात. जागतिक व्यापार संघटनेने १७ जून २०२२ रोजी संमत केलेला अनुदानविषयक करार १५ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. बेकायदा मासेमारी आणि आधीच उपसल्या गेलेल्या साठ्यांवरील मासेमारी यांच्या अनुदानांना त्याने लगाम घातला, पण अवाढव्य ताफे उभारणाऱ्या अनुदानांचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. दूरच्या समुद्रात जाणाऱ्या राष्ट्रांनी आपली अनुदाने २५ वर्षे बंद ठेवावीत आणि गरीब देशांच्या लहान मच्छीमारांना तेवढी सवलत मिळावी, ही भारताची या वाटाघाटींतली भूमिका रास्त आहे.

‘सेनेगलचे दुखणे आपल्याला कशाला?’ असे वसई, अर्नाळा, उत्तनच्या वाचकाने विचारण्याचे कारण नाही. १९९१ साली आपल्याच सरकारने खोल समुद्रातील मासेमारीचे दार परदेशी भागीदारीच्या जहाजांना उघडले होते, तेव्हाही शब्द तोच होता. आपल्याला न काढता येणारी मासळी! त्याविरुद्ध देशभरचे मच्छीमार १९९४ मध्ये संपावर गेले. त्यांच्या नेत्यांत रिडेम्प्टरिस्ट संघाचे धर्मगुरू फादर थॉमस कोचेरी होते. १९९५ मध्ये त्यांनी पोरबंदरला उपोषण केले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली आणि तिने १९९६ मध्ये या जहाजांचे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. डोल लावणाऱ्या आणि टोपली घेऊन बाजार गाठणाऱ्या माणसांनी दिल्लीला नमविले, हा आपला इतिहास आहे. सेनेगलच्या कोळ्याला तो आपला वाटावा आणि त्याचे गाऱ्हाणे आपल्याला आपले वाटावे, यात नवल नाही.

आज त्या किनाऱ्यावरच्या होड्या निराळ्याच कामाला लागल्या आहेत. २०२४ साली ४६ हजारांहून अधिक माणसे समुद्रमार्गे स्पेनच्या कॅनरी बेटांवर उतरली; त्यांतल्या अनेकांना घेऊन आल्या त्या पश्चिम आफ्रिकेच्या लाकडी मासेमारी होड्या. वाटेत किती जण बुडाले याची गणती नाही. सेनेगलचा मासा बर्फावर झोपून युरोपात जातो, त्याला कोणी परवाना विचारीत नाही. तो पकडणारा त्याच समुद्रातून गेला, तर त्याच्यासाठी तुरुंग नाहीतर जलसमाधी. जी राष्ट्रे या माणसांना थोपविण्यासाठी गस्तीवर पैसा ओततात, त्यांनी त्यांचा मासा त्यांच्याच समुद्रात राहू दिला, तर त्यातल्या पुष्कळांना घर सोडावे लागणार नाही. लेवीयाच्या आज्ञेत गरिबाबरोबर परक्याचेही नाव आहे, ते उगीच नाही. सरवा त्या दोघांचा आहे. तो त्यांच्या हातून विकत घेण्याचा अधिकार कोणत्याही कराराने कोणालाही दिलेला नाही.